परीनं काय सोडलं

आमचे घरमालक कुठलंही मत देण्याआधी हळकुंड मोडत.

ही सवय त्यांना धंद्याने लावली होती. वसमतच्या बाजारात ते हळदीची दलाली करत. हळद नीट वाळली की नाही हे बघायचं तर हळकुंड कानाजवळ धरून मोडतात. वाळलेलं असेल तर टणकन आवाज येतो, ओलं असेल तर मुकाट वाकतं. इथवर सगळे दलाल सारखेच. पण आमच्या घरमालकांनी ही रीत हळदीपुरती ठेवली नाही. नवा तहसीलदार कसा आहे, अमक्याची मुलगी तमक्याला द्यावी का, विहिरीला पाणी लागेल का, असा कुठलाही विषय निघाला की ते "थांबा" म्हणत आणि त्यांचा हात कोटाच्या खिशात जाई. हळकुंड कानाशी धरून, डोळे मिटून ते मोडत. आवाज आला की "वाजलं! बराबर हाय." नाही आला की "ओलं हाय. न्हाई जमायचं."

आता हळकुंडाला तहसीलदाराचं काय कळणार, असं मला वाटे. पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या उजव्या खिशात सगळी वाळलेली हळकुंडं असतात आणि डाव्या खिशात सगळी ओली. म्हणजे निकाल खिशातच लागलेला असे, हळकुंड बिचारं नुसतं हुकूम पाळी. गावालाही हे ठाऊक होतं. बोलता बोलता त्यांचा हात डावीकडे वळताना दिसला की लोक आपला विषय आवरता घेत. मी कापसाच्या जिनिंगमध्ये नवा कारकून होऊन आलो आणि त्यांच्याकडे माडी भाड्याने मागायला गेलो, तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि उजव्या खिशात हात घातला. "वाजलं. राहा." एवढीच आमची बोलणी.

त्यांची बोटं पिवळी, धोतराचा सोगा पिवळा, टोपीची कड पिवळी. घरातलं मांजर मूळचं पांढरं असावं, पण ते त्यांच्या मांडीवर बसत असल्याने मला ते कायम पिवळसरच दिसलं. सगळं गाव त्यांना दलालसाहेब म्हणे. मी काका म्हणत असे.

दलालसाहेबांना दुसऱ्याचं "बराबर" म्हणणं फार जड जाई. उजव्या खिशातलं हळकुंड मोडायचं ते स्वतःच्या मतासाठी, समोरच्याच्या मतासाठी डावा खिसा. एकदा हिंगोलीकडची गाडी वेळेवर आली. ती वेळेवर येणार नाही असं ह्यांनी सकाळीच सांगून ठेवलेलं. तर स्टेशनावर उभं राहून ह्यांनी गार्डसमोर ओलं हळकुंड मोडलं आणि त्याला सुनावलं, "गाडी बराबर आली आसंल, पण तुमचं घड्याळ ओलं हाय." गार्डाने शिट्टी फुंकून गाडी पुढे काढली.

ह्या डाव्या खिशानेच त्यांचं घर उठवलं.

काकू जवळा बाजारच्या. अंगाने ठसठशीत, बोलायला कमी, आणि हाताला अशी चव की त्यांच्या वरणाचा वास आला की माडीवर माझं हिशेबातलं लक्ष उडे. एका सणाला काकूंचा भाऊ बहिणीकडे जेवायला आला. पुरणपोळीचा बेत होता, पंगतीला मीही होतो. दलालसाहेबांनी एक घास खाल्ला, चघळला, आणि त्यांचा हात डावीकडे गेला. मी डोळ्यांनी "नको, नको" खुणावत होतो. उपयोग झाला नाही. हळकुंड वाकलं.

"ओलं हाय," ते म्हणाले. "पुरण सैल पडलं."

सख्ख्या भावासमोर! काकूंनी सगळ्यांना पोटभर वाढलं, भांडी आवरली, हात धुतले, एक गाठोडं बांधलं आणि भावाच्या बैलगाडीत जाऊन बसल्या. गाडी हलताना म्हणाल्या, "तुमचा संसार तुमी संबाळा. मी चालले."

दलालसाहेबांना वाटलं, चार-आठ दिवसांत परत येईल. पावसाळा गेला, दिवाळी गेली, कापसाचे ढीग जिनिंगमध्ये येऊन पडले, काकू आल्या नाहीत. "काका, जाऊन घेऊन या की," मी म्हणे. ते म्हणत, "मी काहून जाऊ? गेली तशी यील." मग स्वतःच चुलीपुढे बसून पिठलं ढवळत. एकदा मी जिन्यातून पाहिलं, त्यांनी स्वतःच्या पिठल्याचा घास घेतला, डाव्या खिशातून हळकुंड काढून गुपचूप वाकवलं, आणि पिठलं तसंच खाल्लं.

समोरच मनियार चाचांचं बांगड्यांचं दुकान होतं. चाचा आणि दलालसाहेब लहानपणापासूनचे दोस्त, आणि लहानपणापासून त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. चाचा दर बाजाराला बांगड्यांची पेटी घेऊन जवळा बाजारला जात, आणि तिथे काकूंच्या हातात बांगड्या तेच भरत. बाजाराहून परतले की दलालसाहेब ओट्यावर तयार बसलेले असत. पण बायकोची चौकशी करणं त्यांच्या शानीत बसत नसे. म्हणून ते विचारत, "काय मनियार, रस्ता कसा हाय तिकडचा?"

"रस्ता बरा हाय जी," चाचा म्हणत. "जरा सर्दी झाली रस्त्याकू."

"औषध घेतलं का रस्त्यानं?"

"हौ, काढा पिया. लेकिन अबी खफा हाय रस्ता."

"कोणावर?"

"रस्ते पे जो चलता उसपेच खफा रैता जी रस्ता. और किसपे?"

मग दलालसाहेब मांजराला कुरवाळत बसत.

अशात वसमतला तंबूचा सिनेमा आला. बाजाराच्या मैदानात तंबू उभा राहिला, तेलाचं इंजिन धडधडायला लागलं, आणि एक माणूस बंडीत बसून ढोल वाजवत गावभर सांगत फिरला, की परीचा सिनेमा आला आहे, बोलतो आहे, गातो आहे, बायांना बसायला जागा वेगळी आहे.

सिनेमा हिंदुस्तानीत होता आणि भलताच विचित्र होता. आमच्या लोकांना परी म्हणजे राजवाड्यातली, कमळातून निघणारी ठाऊक. ही परी मोठ्या शहरावरून उडताना तिचे पंख तारायंत्राच्या तारेत अडकून फाटतात आणि ती थेट एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पडते. दुकानदार तिला खाली उतरवतो. पंख बरे होईपर्यंत ती तिथेच राहते. जादूने पंक्चर काढते, त्याला भाकरी करून घालते, आणि भाकऱ्या तव्यावरून उडत ताटात जाऊन पडतात. पोलीस तिला पकडायला येतो तर त्याची शिट्टी बुलबुलासारखी गायला लागते. शेवटी तिचे पंख भरून येतात. दुकानदार हातात पाना धरून उभा असतो. ती त्याच्याकडे बघून म्हणते, "मैं तुम्हारा संसार छोड़कर जा रही हूँ," आणि उडून जाते. तो दुकानाची खिडकी उघडी ठेवतो. खलास.

पहिल्याच खेळाला गावाचे दोन भाग झाले. म्हातारी मंडळी म्हणाली, हा पोरखेळ आहे, परीने कधी पंक्चर काढलंय काय. तरुण पोरं म्हणाली, असा सिनेमा पुन्हा होणे नाही. मला स्वतःला तो फार आवडला, विशेषतः ती शिट्टी. पण हे सगळं किरकोळ होतं. खरी आग लागली ती दलालसाहेबांमुळे.

परीने ते शेवटचं वाक्य म्हटलं आणि दलालसाहेब माझ्या शेजारी दचकून उठून बसले. तंबूतून बाहेर आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "आयकलं का? संसार सोडून चालली म्हणे! भरला संसार! त्याची चूल संबाळली, दुकान संबाळलं, अन् सोडून चालली!"

चाचा मागून येत होते. त्यांना हसू आवरेना. "अजी दलालसाब, संसार बोले तो दुनिया. हिंदी में दुनियाकू संसार बोलते. परी दुनिया छोडके गई, अपने मुलुख में. मरदकू नइ छोडी. मरद हायच कां उसकू?"

"मरद न्हाई? अन् त्यो पानेवाला कोण?"

"वो पंक्चरवाला हाय जी! लग्न कुठं दाखवलं?"

"रोज भाकरी करून घालती, मग बायकोच झाली की!"

"जादू से करती भाकरी!"

"जादूनं केली तरी भाकरीच!" दलालसाहेब गरजले आणि त्यांनी डाव्या खिशातलं हळकुंड चाचांच्या नाकासमोर वाकवलं. "ओलं हाय तुमचं. संसार म्हंजे संसार."

दुसऱ्या दिवशी हा वाद चहाच्या हॉटेलात पोचला, तिथून न्हाव्याकडे, तिथून कचेरीत. ज्याच्या घरी हिंदी-उर्दू ऐकायला मिळे तो म्हणे, दुनिया. ज्याच्या कानाला मराठी संसाराची सवय तो म्हणे, बाई नवऱ्याला टाकून गेली आणि हे असं आमच्या लेकीबाळींना दाखवतात. कचेरीतले एक कारकून तीन दिवस दुनियावाले होते, मग त्यांच्या बायकोने सिनेमा पाहिला आणि ते संसारवाले झाले. मारुतीच्या देवळात कीर्तनाला आलेल्या बुवांनी सांगितलं, की दोघेही चुकता आहात, संसार म्हणजे माया, परीने माया सोडली. त्यामुळे मायावाल्यांचाही एक छोटासा पक्ष निघाला. लोक एवढं एक वाक्य ऐकायला पुन्हा पुन्हा तंबूत जात. तंबूवाल्याला विचारावं तर तो हात जोडून म्हणे, "साहब, मैं तो मशीन चलाता हूँ."

गावाला ही चेष्टा होती. दलालसाहेबांना नव्हती, हे फक्त मला आणि चाचांना माहीत होतं. ते रोज सिनेमाला जात. माझ्या शेजारी बसत, आणि ते वाक्य जवळ यायला लागलं की त्यांची बोटं माझ्या गुडघ्यावर घट्ट व्हायची. मला त्या माणसाची दया यायची आणि रागही यायचा. शब्दाचा अर्थ लावायला जीव टाकणारा माणूस तीस मैलांच्या आतल्या बायकोकडे जाऊन दोन शब्द बोलत नव्हता.

एके दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमाला काय वाटतं, खिडकी उघडी ठिवली त्यानं. यील का ती?"

"कोण, परी?"

"परीच. दुसरं कोण?" ते चिडून म्हणाले.

मग तंबूवाल्याने वसमतचा मुक्काम आवरला. पुढचा मुक्काम जवळा बाजार, असं कळलं. चाचांनी संधी साधली. ओट्यावर येऊन बसले आणि अगदी साळसूदपणे म्हणाले, "दलालसाब, ये झगडा अपने से नइ मिटता. कोई तिसरा माणूस पायजे, जिसकू संसार बी मालूम और छोडना बी मालूम. वोच बोलेगी सही क्या हाय."

दलालसाहेबांनी मांजर मांडीवरून खाली ठेवलं. "म्हंजे निव्वळ सिनेमाच्या कामासाठी जायचं?"

"निव्वळ सिनेमा के वास्ते."

"मग ठीक हाय. तसं आसंल तर मला काय तकलीफ न्हाई."

बाजाराच्या दिवशी पहाटे आम्ही तिघे बैलगाडीने निघालो. दलालसाहेबांनी धुवट धोतर नेसलं होतं, दाढी केली होती, आणि चाचांना वाटेत पुन्हा पुन्हा बजावत होते, की काकूंना आधी सिनेमा दाखवायचा, मग विचारायचं, मधे दुसरं काही बोलायचं नाही. जवळ्याला पोचल्यावर ते सासुरवाडीला गेले नाहीत. पानाच्या ठेल्यापाशी उभे राहिले. चाचा बांगड्यांची पेटी घेऊन त्या घरी गेले आणि काकूंना आज सिनेमाला या म्हणून सांगून आले.

दिवस मावळल्यावर खेळ सुरू झाला. तंबूत मधोमध कनात बांधलेली, अलीकडे आम्ही बाप्ये, पलीकडे बाया. काकू आल्या की नाही हे कळायला मार्ग नव्हता. परी तारेत अडकली, पंक्चर निघालं, भाकऱ्या उडाल्या, पलीकडून हसण्याचा गलका झाला. दलालसाहेब एकदाही हसले नाहीत. मग पंख भरून आले. दुकानदार पाना धरून उभा राहिला. परी म्हणाली, "मैं तुम्हारा संसार छोड़कर जा रही हूँ."

आणि कनातीपलीकडून खणखणीत आवाज आला, "आगं त्यो 'जाऊ नको' म्हणंना! पाना धरून उभा हाय नुसता! एक शब्द बोलायला काय झालं ह्याला?"

काकूच! सगळा जनाना खो खो हसला. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "बाप्ये आसेच मेले!" आमच्या बाजूचे लोकही हसायला लागले. मी अंधारात दलालसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा हात उजव्या खिशाकडे गेला नाही, डाव्याकडेही गेला नाही. ते उठून उभे राहिले. त्यांच्या टोपीची सावली परीच्या झग्यावर पडली आणि मागून "खाली बसा, खाली बसा" असा ओरडा झाला.

"जाऊ नको," दलालसाहेब म्हणाले.

आवाज फुटला होता. तरी पलीकडे ऐकू गेला, कारण तिथलं हसणं थांबलं. पडद्यावर परी निघून गेलेली, खिडकी उघडी. इंजिन तेवढं धडधडत होतं.

"कोणाला म्हणून राहिले?" काकूंनी कनातीआडून विचारलं.

"परीला न्हाई," दलालसाहेब म्हणाले, आणि मटकन खाली बसले. चाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्या गाडीत बसून वसमतला आल्या. वाटभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण काकूंनी बांधून आणलेल्या दशम्या दलालसाहेबांनी चार खाल्ल्या. घरी पोचल्यावर काकूंनी त्यांना कोट काढायला लावला. डाव्या खिशातली ओली हळकुंडं परसात फेकली, सुईत जाड दोरा ओवला, आणि तो खिसा तोंडाशी टाके घालून बंद करून टाकला. "आता काय मोडायचं ते मोडा," म्हणाल्या. चाचांनी संसार की दुनिया ते विचारलंच. काकू म्हणाल्या, "चाचा, मला त्यातलं काय कळत न्हाई. मला पुरण शिजवायचं हाय."

पुढे दलालसाहेबांचं मत देणं फार गोड झालं. एकच खिसा, त्यात सगळी वाळलेली. विचाराल त्याला "वाजलं, बराबर हाय." नवा कोट शिवला तरी काकू आधी त्याचा डावा खिसा शिवत. गावातली मंडळी कुरकुरायला लागली, की आता दलालसाहेबांना विचारण्यात अर्थ राहिला नाही. परीचा वाद मात्र मिटला नाही. चाचा बांगड्या मांडता मांडता "दुनिया" म्हणत, हे ओट्यावरून "संसार" म्हणत.

मग मला हिंगोलीला काम मिळालं आणि मी वसमत सोडलं. महायुद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात काकू गेल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला आलो. दिवस होऊन गेले होते. ओट्यावर दलालसाहेब आणि चाचा दोघेच बसलेले होते, दोघेही म्हातारे दिसत होते. काकू सवाष्ण गेल्या. हळद दलालसाहेबांनी निवडून दिली होती, आणि हिरवा चुडा चाचांनी स्वतः आणून दिला होता. चाचांनीच मला हे सांगितलं आणि सांगताना ते स्वतःच्या मनगटाकडे बघत होते.

मग दलालसाहेब म्हणाले, "मनियार, तुझंच बराबर होतं. संसार म्हंजे दुनियाच. परीनं दुनिया सोडली."

मी चमकलो. जन्मात पहिल्यांदा हा माणूस चाचांचं बराबर म्हणत होता.

चाचांनी मान हलवली. "नक्को दलालसाब. तुमारा सही था. दुनिया तो वैसीच चल री, देखो. बाजार भरा, गाडी आई. संसारच गया तुमारा."

"न्हाई. दुनिया."

"संसार जी!"

"अरे तुला काय ठाऊक? संसार हाय हितंच! चूल हाय, जातं हाय..." दलालसाहेब तापले. बरं वाटलं मला ते बघून. तापता तापता त्यांचा डावा हात सवयीने डाव्या खिशाकडे गेला, चाचांना "ओलं" म्हणायला, आणि तिथेच थांबला. बोटं टाक्यांवर फिरत राहिली. जाड दोरा, एकमेकाला लागून घातलेले टाके.

"क्या हुआ?" चाचांनी विचारलं.

"शिवलेला हाय," दलालसाहेब म्हणाले. "तिनं शिवलाय."

चाचा पुढे वाकले. त्यांनी ते टाके पाहिले, बोटाने चाचपले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "हौ. तो फिर संसार किधर छोडी वो. तुमारा बराबर हाय, दलालसाब."

दलालसाहेबांनी उजव्या खिशातून एक हळकुंड काढलं. आयुष्यभर स्वतःच्या कानाशी धरलेलं हळकुंड त्यांनी ह्या वेळी चाचांच्या कानाशी नेलं आणि मोडलं.

"वाजलं का?"

"वाजलं जी," चाचा म्हणाले.